वाळूचा कणा, तेलाचा अंगरखा

अळवावरचं पाणी तुम्ही सर्वांनी पाहिलं आहे. थेंब पडतो, मोत्यासारखा डोलतो आणि पान न भिजवता घरंगळून जातो. पाणी झिडकारण्याचा असाच गुण असलेला एक पदार्थ माणसानं वाळूपासून तयार केला आहे. त्याचं नाव सिलिकोन.

प्रथम नावांचा घोटाळा मिटवू. शिक्षकबंधूंनी तर हे फळ्यावरच लिहावं. वाळू, गारगोटी म्हणजे सिलिका. ती कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापवली की तिच्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि उरतं ते सिलिकॉन, हे मूलद्रव्य. त्यापासून पुढे कारखान्यात बनतो तो सिलिकोन.

त्याची घडण कशी असते? मण्यांची लांबच लांब माळ डोळ्यांपुढे आणा. एक मणी सिलिकॉनचा, एक ऑक्सिजनचा, पुन्हा सिलिकॉनचा. वाळूतही हीच जोडी असते. मात्र इथे सिलिकॉनच्या प्रत्येक मण्याला कार्बन आणि हायड्रोजन यांचे दोन झुबके लटकलेले असतात. तेलातुपातही मुख्यतः हीच मूलद्रव्यं. म्हणजे कणा वाळूचा आणि अंगरखा तेलाचा! कणा वाळूचा म्हणून तो उष्णता सोसतो. अंगरखा तेलाचा म्हणून पाणी झिडकारतो. माळा सुट्या राहिल्या तर तेल होतं, लांब माळा एकमेकींना जोडल्या तर रबर.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम इथे फ्रेडरिक किपिंग या प्राध्यापकांनी चाळीस एक वर्षं सिलिकॉनच्या संयुगांवर काम केलं. त्यांना हवे होते नीटस स्फटिक. भांड्यात उरायचा तो चिकट गोळा. या संशोधनातून लवकर काही मोठं निघेल अशी आशा नाही, असं त्यांनी १९३७ साली बोलून दाखवलं. पण १९४० साली अमेरिकेत यूजीन रोचो यांनी सिलिकॉनची पूड व तांबं एकत्र तापवून त्यांवरून मिथिल क्लोराइड वायू सोडला आणि स्वस्तात सिलिकोन बनवण्याची वाट सापडली. तेव्हा महायुद्ध चालू होतं. उंचावर गेलेल्या विमानात दमटपणामुळे ठिणगी पाडणारी वीज भलतीकडे पळे आणि इंजिन अडखळे. तिथे सिलिकोनचा लेप कामी आला. वैमानिकांचे प्राण ज्यावर अवलंबून होते, तो लेप त्याच चिकट गोळ्याच्या गोतातला!

साधं रबर उन्हातान्हात तडकतं, कडाक्याच्या थंडीत ताठरतं. सिलिकोनचं रबर शून्याखाली सुमारे पन्नास अंशांपासून दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत मऊ राहतं. म्हणून काही कुकरच्या रिंगा, बाळाच्या बाटलीची निप्पल आणि दवाखान्यातल्या नळ्या त्याच्या करतात. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या बुटांचे तळही त्याचेच होते. विजेच्या तारांना आधार देणाऱ्या काही चिमण्याही आता चिनी मातीऐवजी सिलिकोनच्या असतात. खाऱ्या, दमट हवेतही त्यांवर पाण्याचा सलग थर बसत नाही, त्यामुळे वीज सहसा झिरपत नाही.

आता शेतकरी बंधूंसाठी एक गंमत. कांद्याच्या पातीवर औषध फवारलं की थेंब ओघळून जातात. पैसा मातीत जातो. म्हणून फवाऱ्यात सिलिकोनयुक्त पसरवणारं द्रव्य घालतात. पण सिलिकोन तर पाणी झिडकारतो ना? खरं आहे; म्हणूनच त्याच्या आखूड माळेला पाण्याशी मैत्री असलेलं शेपूट जोडतात. एक टोक पानावरच्या मेणाला बिलगतं, दुसरं पाण्याला धरतं आणि थेंब पसरतो. मात्र जास्त घातलं म्हणजे जास्त गुण, असं नाही. प्रमाण वाढलं तर पाणी पानावरून वाहून जातं, पिकालाही इजा होऊ शकते. तेव्हा डब्यावर लिहिलेलं मापच पाळा.

सिलिकोनला उणिवाही आहेत. त्याचं रबर चटकन फाटतं आणि पेट्रोलमध्ये फुगतं. म्हणून पेट्रोलच्या नळीला साधं सिलिकोन वापरू नये.

गुरुजी, उद्या वर्गात कांद्याची एक पात आणा. तिच्यावर एक थेंब साध्या पाण्याचा टाका, एक साबणाच्या पाण्याचा. पहिला गोल उभा राहील, दुसरा पसरेल. फवाऱ्यातलं द्रव्य हेच काम अधिक जोमानं करतं. कारण मुलांनाच विचारा. आपण सांगायची घाई करू नका.