विषारी ढगापासून शांततेपर्यंत



२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायूच्या टाक्या उघडल्या. हिरवट-पिवळा ढग वाऱ्याबरोबर खंदकांत उतरला आणि श्वास कोंडून सैनिक तडफडून मेले. खरं तर विषारी वायूचे गोळे वापरू नयेत, असं १८९९ मध्येच हेग इथे ठरलं होतं!

पहिल्या महायुद्धानंतर, १९२५ साली जिनिव्हात पुन्हा करार झाला. त्याने विषारी वायूच्या वापरावर बंदी आली, पण अशी अस्त्रं बनवायला आणि साठवायला मोकळीक राहिली. ही पळवाट महागात पडली. मार्च १९८८ मध्ये इराकमधल्या हलब्जा गावावर वायुहल्ला झाला आणि हजारो कुर्दी नागरिक मेले.

अखेर १९९७ मध्ये रासायनिक अस्त्रांवरच्या संपूर्ण बंदीचा करार लागू झाला. आता निर्मिती आणि साठा दोन्ही गुन्हा ठरले. निरीक्षक प्रत्यक्ष कारखान्यांत जाऊन तपासणी करू लागले. भारताने आपला साठा २००९ मध्ये नष्ट केला. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने शेवटचा अस्त्रसाठा संपवला आणि जगाने जाहीर केलेले असे सगळे साठे नाहीसे झाले.

मधल्या काळात सीरियात पुन्हा हे विष वापरलं गेलं, हेही विसरता येत नाही. माणुसकीची वाट सरळ नाही. ती दोन पावलं पुढे जाते, एक मागे येते. पण जे विष माणसाने बनवलं, ते माणसानेच निकामी केलं. उद्याच्या शांततेवर विश्वास ठेवायला एवढा आधार पुरेसा आहे.