पोलादाचें पाणी



एखाद्या मनुष्याची पारख झाली, म्हणजे 'त्याचें पाणी जोखलें' असें आपण म्हणतों. लोहाराच्या बोलींत मात्र पाणी या शब्दाला अगदीं रोकडा अर्थ आहे. पटाशी ठोकून घडविली तरी तिला 'पाणी दिल्या'वांचून धार टिकत नाहीं. हें पाणी देणें म्हणजे काय, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

पोलाद म्हणजे लोखंड व अल्प कार्बन यांचा मिलाफ. हत्यारांच्या साध्या पोलादांत कार्बन शेंकडा एकाच्या आसपास असतो. ७२७ अंश सेंटिग्रेडच्या वर तापल्यावर अणूंची रचना पालटते व कार्बन लोखंडांत विरघळतो. तें राखेंत सावकाश निवूं दिलें, तर कार्बन वेगळा होऊन पोलाद नरम राहतें. परंतु लाल असतांनाच पाण्यांत बुडविलें, तर कार्बनाला बाहेर पडण्यास अवसरच मिळत नाहीं. तो आंत अडकतो, आणि पोलाद इतकें कठीण होतें कीं कानसहि त्यावरून नुसती घसरते. या रचनेस आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवावरून मार्टेन्साइट म्हणतात.

येथेंच काम संपलें असें मानणारा फसतो. असें पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें. त्याची छिनी घणाखालीं फुटली, तर कपची उडून कारागिराचा डोळा जावयाचा! म्हणून जाणता लोहार तें घासून उजळ करतो व पुन्हां मंद तापवितो. मग त्यावर रंग चढूं लागतात : सुमारें २३० अंशांस फिका पिवळा, २८० अंशांस जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. वस्तऱ्याला पिवळा पुरे, छिनीला जांभळा हवा, स्प्रिंगला निळा. थोडी कठिणता सोडावी, तेव्हां चिवटपणा पदरांत पडतो.

सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह कारखान्यांतील तोफा फुटूं लागल्या, तेव्हां द्मित्री चेर्नोव्ह यांनीं तापलेल्या पोलादाचे रंग बारकाईनें न्याहाळले. ठराविक उष्णमानालाच पोलादाचें अंतरंग पालटतें, हें त्यांनीं १८६८ मध्यें मांडलें. धातु तोच असूनहि, तो किती तापविला यावर तोफेचें बलाबल ठरत होतें.

मात्र पाण्याच्या अंगीं जादू नाहीं. ठोकून ताठर झालेलें तांबें तांबट लाल तापवितो; तें पाण्यांत बुडविलें तरी मऊच होतें. कारण तेथें अडकून बसणारा कार्बनच नाहीं.

तेव्हां गृहिणींना एवढीच सूचना : विळीचें किंवा सुरीचें पातें विस्तवावर तापवूं नये. धार लावतांना कडा निळी पडली, तर तेवढ्या भागाचें पाणी उतरलें असें समजावें. पुढें कितीहि घासलें, तरी त्या निळ्या भागाची धार फार दिवस टिकावयाची नाहीं.