लेकरू, लाउंज आणि शांतता



नागपूरला समुद्र नाही. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, तेवढ्यावर आपण हौस भागवतो. त्यामुळे प्रवासी जहाजांवरचे वाद आपल्या कानांवर जरा उशिराच येतात. मोठ्या क्रूझ जहाजांवर वारंवार प्रवास करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं दालन असतं. तिथे चहा-कॉफी, खाणं, मऊ खुर्च्या आणि मुख्य म्हणजे गर्दीपासून सुटका. या दालनात लहान मुलांना येऊ द्यावं की नाही, यावरून प्रवाशांमध्ये चांगलीच जुंपते. एक बाजू म्हणते, वर्षानुवर्षं पैसे मोजून आम्ही ही शांतता मिळवली आहे. दुसरी विचारते, मग पोरांना काय समुद्रात सोडायचं?

हसू येतं खरं. पण हा प्रश्न आपल्याही दारात आहे. तो मिहानमध्ये आहे.

‘मिहान’ हे नाव आता आपल्या तोंडी एखाद्या गावाच्या नावासारखं बसलं आहे. ‘मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत, हे फारसं कुणाला आठवतही नाही. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या शेतांवर नकाशे पसरले. चार हजार हेक्टरहून मोठा हा पसारा. जिथे औत चालायचं, तिथे आता सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, विमानदुरुस्तीचं केंद्र आहे, एम्स रुग्णालय आहे, आणि खापरीहून सीताबर्डीकडे मेट्रो धावते. या सगळ्याच्या मधोमध आपला विमानतळ.

विमानतळावर बसायला दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक सगळ्यांची. तिथे खुर्च्यांच्या रांगा, घोषणा, पिशव्या आणि पाय दुमडून बसलेल्या आज्या. दुसरी काचेच्या दाराआडची. तिला लाउंज म्हणतात. दाराशी बसलेली मुलगी हसून कार्ड मागते. ते बँकेचं असेल, किंवा नेहमी प्रवास करणाऱ्यांना विमान कंपनी देते ते असेल. १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अशी खोली उघडली, तेव्हा आत फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. आता निमंत्रणाची जागा कार्डाने घेतली आहे. मुलांना बहुतेक ठिकाणी मज्जाव नसतो. अगदी तान्ह्याला फुकट, मोठ्याला पैसे, असा सर्वसाधारण रिवाज. पण नियमाने आत आलेल्या पोराकडे बघून सोफ्यांवरच्या भुवया चढतात, आणि कुणीतरी पुटपुटतंच, ‘यांना आत सोडतात तरी कशाला?’

शांतता मागणाऱ्यांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही. लाउंजमध्ये बसलेला प्रत्येक माणूस चैन करायला आलेला नसतो. कुणी रात्रपाळी करून पहाटेच्या विमानाला आलेला असतो. कुणी दिल्लीला ऑपरेशनसाठी निघालेला असतो, कुणी मयतीला. तासाभराची झोप त्याला हवी असते. त्याच वेळी शेजारच्या सोफ्यावरून एखादं पोरगं उड्या मारत असेल आणि त्याचे आईबाप मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले असतील, तर त्या माणसाने चिडू नये असं कोण म्हणेल?

विमान कंपन्यांनी ही चीड ओळखली. २०१२ साली मलेशिया एअरलाइन्सने आपल्या ए-३८० विमानाच्या वरच्या मजल्यावरचा इकॉनॉमी वर्ग बारा वर्षांखालच्या मुलांपासून मोकळा ठेवायचं ठरवलं. २०१३मध्ये एअर एशिया एक्सने काही रांगा ‘शांत’ म्हणून जाहीर केल्या. २०१६मध्ये आपल्याकडच्या इंडिगोनेही तेच केलं. काही रांगांमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना जागा नाही.

या बाराच्या आकड्याशी मी जरा थबकले. हाच आकडा आपल्या रेल्वेतही आहे. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर बायकांच्या डब्यात बसू शकतो. आकडा तोच, पण रेल्वेत त्याने दार उघडतं आणि विमानात बंद होतं. रेल्वेवाल्यांना एक साधी गोष्ट कळली होती. पोराला बाहेर ठेवलं, की आईही बाहेर राहते. ‘मुलांना मनाई’ अशी पाटी लावली तर ती वाचायला मूल येत नाही. ती पाटी आईच वाचते आणि आईच मागे फिरते. बाप कार्ड दाखवून आत जाईल, चहा पिऊन येईल. पोराला मांडीवर घेऊन बाहेरच्या खुर्चीवर कोण बसेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता आवाजाचंच बघू. आमच्या नागपूरकडे पोरांना ‘पोट्टे’ म्हणतात, त्यात राग कमी आणि लळा जास्त. पोट्टे गोंधळ घालतात, कबूल. पण लाउंजमध्ये तासभर डोळे मिटून बसा आणि कानांना विचारा. स्पीकरवर व्हिडिओ बघणारा कोण आहे? अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात ‘पार्टी पेमेंट देऊन नाही राहिली’ हे फोनवर सांगणारा कोण आहे? वेटरला टिचक्या वाजवून बोलावणारा कोण? त्यातलं कुणीच बारा वर्षांखालचं नसतं. त्यांच्यासाठी कुणी रांगा वेगळ्या काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी कविता लिहिते, तेव्हा शांततेची गरज मला कुणी समजावून सांगायला नको. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनात मी वाचत होते आणि दुसऱ्या रांगेत बाळ रडायला लागलं. त्याची आई ओशाळून उठू लागली. तेवढ्यात शेजारच्या आजीबाईंनी बाळ घेतलं, खांद्यावर टाकलं आणि मंडपाच्या कडेकडेने येरझारा घालायला सुरुवात केली. आई खाली बसली. माझ्या दोन-तीन ओळी त्या रडण्यात गेल्या असतील. पण एका बाईला कविता पुरी ऐकायला मिळाली. त्या दोघी एकमेकींच्या ओळखीच्याही नसाव्यात. अशी एखादी आजी असेल, तर पाटीची गरजच पडत नाही.

मशिदीतही हा वाद जुना आहे. पोरं कुजबुजली, हसली, की कुणी ना कुणी बुजुर्ग डोळे वटारतो आणि त्यांना मागच्या सफीत पिटाळतो. पण ज्यांच्या मागे उभं राहून नमाज शिकायची, त्या पैगंबरांबद्दल हदीसमध्ये काय नोंदलं आहे? नमाज पढवताना एखाद्या बाळाचं रडणं कानांवर आलं, की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचीही नोंद आहे. म्हणजे मशिदीत बाळ होतं, बाळाची आई होती, आणि थोडं सरकून घेतलं ते नमाज पढवणाऱ्याने.

आपल्या विदर्भातली सामुदायिक प्रार्थना आठवा. तुकडोजी महाराजांनी ती गावोगाव नेली. दिवेलागणीला पोरं मोठ्यांबरोबर रांगेत मांडी घालून, डोळे मिटून बसत. चुळबुळ असायचीच, एखादा एक डोळा उघडून बघायचाच. पण बसत. पोरांना शांत राहता येत नाही हे खरं नाही. शांत राहणं ती शिकतात, आणि ते शिकायला शांत माणसांमध्ये बसावं लागतं. ज्याला कधी आतच येऊ दिलं नाही, तो तेराव्या वर्षी अचानक तिथे वागावं कसं हे कुठून शिकून येणार?

याच मिहानमध्ये, विमानतळापासून जवळच, एम्स आहे. डिसेंबर २०२२मध्ये त्याचं लोकार्पण झालं. तिथेही लोक वाट बघत बसलेले असतात. विदर्भातून, मध्य प्रदेशातून लेकरं कडेवर घेऊन आलेले. तिथे बाळ रडलं तर कुणी भुवई चढवत नाही. उलट शेजारचा माणूस पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढतो. ‘घ्या, याच्या हाती द्या.’ दोन्हीकडची माणसं आपलीच. कदाचित आज इथे बसलेला उद्या तिथे बसेल. फरक एवढाच, की रुग्णालयात आपण नडलेले असतो आणि लाउंजमध्ये आपण पैसे मोजलेले असतात. पैसे मोजले, की शेजारच्याचं लेकरू आपल्याला आपल्या हिशेबातली तूट वाटू लागतं.

या विमानतळाचं नाव काय आहे, हे येता-जाता आपण वाचतो. २००५ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलं गेलं. त्याच बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये लहानपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. साल १९०१. दहा वर्षांच्या आसपासचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे घातलेली, नीटनेटकी पोरं. वडिलांना पत्र कळलंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. पोरांनी आपली जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, पण ती पोरांनीच हाकायची होती. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळावं म्हणून त्या मुलाने आपण मुसलमान असल्याचं सांगितलं, तो उर्दूतून बोलला. तरीही पाणी मिळालं नाही.

उर्दू माझ्या घरातली भाषा. तो भाग वाचताना मला नेहमी वाटतं, त्या मुलाने तहानेपोटी माझ्या घराचं दार ठोठावलं, आणि त्या नाक्यावर माझ्या घराच्या नावालाही पाणी नव्हतं.

मी दोन गोष्टी एका तराजूत घालत नाही. जात जन्मभर चिकटवली जाते, बालपण चार दिवसांत सरतं. लाउंजबाहेर बसवलेल्या सुखवस्तू घरच्या पोरावर तसा अन्याय होतो, असं म्हणणं हा त्या तहानलेल्या मुलाचा अपमान होईल. पण मसूरच्या स्टेशनवर एक गोष्ट घडली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती पोरं नीट वागत होती. त्यांच्या वागण्यात स्टेशनमास्तरला काही खोट दिसली नव्हती. त्याने त्यांना झिडकारलं ते त्यांच्या असण्यावरून. म्हणून या नावाच्या विमानतळावर तरी नियम करायचा झाला, तर तो वागण्याबद्दल असावा, कोण आहे याबद्दल नसावा. ‘आवाज करू नका’ हा नियम सर्वांना लागू करा. फोनवर ओरडणाऱ्या साहेबांना तो आधी सांगा आणि मग पोट्ट्यांना.

आईबापांनाही थोडं सांगायचं आहे. पोराला आत नेणं हा तुमचा हक्क असेल, पण त्याला सांभाळणं हे वेटरचं काम नाही. मोबाइलवर गाणी लावून त्याच्या हाती देणं म्हणजे सांभाळणं नाही. रडलं तर उठा, फेऱ्या मारा, शेजारच्याला ‘माफ करा’ म्हणा. तेवढ्याने निम्मा राग उतरतो. लाउंज चालवणाऱ्यांनी एक कोपरा मुलांसाठी ठेवावा. चार चित्रांची पुस्तकं आणि एक सतरंजी पुरते. झोपणाऱ्यांसाठी दुसरा, दूरचा कोपरा. जागा असेल तर यात अवघड काही नाही.

आणि एक लेकरू या वादात कधीच येत नाही. लाउंजमध्ये टेबल पुसणाऱ्या, कपबशा उचलणाऱ्या बाईचं. ती सकाळी निघते तेव्हा ते झोपेत असतं. त्याला शेजारणीकडे किंवा आजीकडे ठेवून ती येते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांनी सांडलेलं दूध पुसते. कुणाचं लेकरू आत यावं यावर आपण तावातावाने बोलतो, तेव्हा ती हातात फडकं घेऊन तिथेच उभी असते. तिच्या लेकराला कार्डाने कधीच बाहेर ठेवलं आहे, वय विचारायची वेळही येऊ दिली नाही. पुढच्या वेळी तुम्ही तिथे बसाल, तेव्हा तिला एवढं तरी विचारा, ‘ताई, घरी लेकरापाशी कोण आहे?’