जीवाश्म कोणाच्या मालकीचा?
(अभ्यासवर्गातील भाषण)



मानवाच्या उत्पत्तीचा प्रश्न श्रद्धेने नव्हे, तर पुराव्यानेच सुटतो, हे आपण नेहमी सांगतो. परंतु तो पुरावा कोणाच्या ताब्यात असतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जर्मनीतील एका जीवाश्माचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

डार्मश्टाट शहराजवळ मेसेल येथे तेलयुक्त शेल खडकाची खाण होती. १९७१ साली ती बंद पडली. पुढे १९८३ साली तेथे नरवानर गणातील एका लहानशा मादीचा सांगाडा सापडला. तो सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा असून जवळजवळ ९५ टक्के पूर्ण आहे. अंगावरील केसांची छाया आणि पोटातील फळापानांचे अवशेषही त्यात टिकून राहिले आहेत. असा पुरावा शास्त्रज्ञांच्या हाती मात्र आला नाही. खडकाचे दोन तुकडे झाले. एक तुकडा बनावट हाडांची भर घालून अमेरिकेत विकला गेला. मुख्य तुकडा वीस वर्षांहून अधिक काळ खाजगी संग्रहात पडून राहिला. अखेर ऑस्लो येथील निसर्गेतिहास संग्रहालयाने मोठी रक्कम मोजून तो विकत घेतला.

मे २००९ मध्ये 'डार्विनियस मॅसिली' या नावाने त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचबरोबर पुस्तक आणि दूरचित्रवाणीपटही बाजारात आले, आणि 'हरवलेला दुवा सापडला' असा गाजावाजा झाला. लेमरांच्या खालच्या जबड्यातील दातांची फणी या प्राण्याला नाही. म्हणून तो माकडे, कपी आणि मानव यांच्या शाखेच्या जवळचा, असा निबंधाचा युक्तिवाद होता. परंतु एखाद्या लक्षणाचा अभाव हा नात्याचा पुरावा होऊ शकत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये एरिक सायफर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजिप्तमधील 'अफ्राडापिस' या संबंधित प्राण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नरवानर गणातील ११७ जातींची ३६० लक्षणे परस्परांशी ताडून पाहिली. हा संपूर्ण गट लेमरांच्या शाखेकडे जातो आणि माकडांशी दिसणारे साम्य स्वतंत्रपणे उद्भवलेले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यामुळे त्या सांगाड्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. तो खुला झाला, म्हणूनच त्याविषयीचा दावा तपासता आला. तिजोरीतील हाड ना सत्य सिद्ध करते, ना असत्य खोडते.

आपल्याकडेही गुजरातमधील सुरत जिल्ह्यात, वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत, याच गटातील त्याहूनही जुने, सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत. कोळशाचे उत्खनन होताना उघडे पडणारे असे थर वेळीच अभ्यासले गेले नाहीत, तर ते कायमचे नष्ट होतात.

मेसेलच्या खड्ड्यात शहराचा कचरा टाकण्याची योजना होती. स्थानिक नागरिक वर्षानुवर्षे तिच्याविरुद्ध लढले. १९९१ मध्ये हेसेन राज्याने ती जागा खरेदी केली आणि १९९५ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बाजाराने जीवाश्माचे तुकडे विकले. लोकांनी खाण वाचवली. पृथ्वीच्या पोटातील हा दस्तऐवज सर्वांचा आहे, म्हणून त्याची जागा सार्वजनिक संग्रहालयातच असली पाहिजे.