खेळ त्यांचा, जीभ आपली



आज मी बचतीचं किंवा कर्जाचं बोलणार नाही. आज खेळाबद्दल बोलायचंय. त्यातही खेळणाऱ्यांबद्दल कमी आणि बघणाऱ्यांबद्दल जास्त. कारण आपण बायका बहुतेक वेळा बघणाऱ्याच असतो. पोरं ओट्यावर लुडो मांडून बसतात आणि आपण जाता-येता सांगतो, "अरे, ती लाल सोंगटी मार की!" त्यात काय बिघडलं, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. गेल्या दिवाळीत माझे डोळे उघडले.

माझा पुतण्या पुण्याला शिकतो. सुट्टीला येताना तो एक पटाचा खेळ घेऊन आला. नाव 'डिप्लोमसी', म्हणजे मुत्सद्देगिरी. अमेरिकेतल्या अ‍ॅलन कॅल्हॅमर नावाच्या माणसाने तो तयार केला आणि १९५९ साली तो विक्रीला आला. गंमत म्हणजे हा माणूस पुढे पोस्टमन झाला, घरोघर टपाल वाटायचा.

पटावर पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या युरोपचा नकाशा असतो. खेळणारे सात. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, रशिया आणि तुर्कस्तान, एकेकाचा एकेक देश. यात फासे नाहीत, पत्ते नाहीत. कोणाला कोणता देश हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, तेवढंच काय ते नशीब. प्रत्येकाकडे सुरुवातीला तीन सोंगट्या, फक्त रशियाकडे चार. सोंगटी म्हणजे फौज नाहीतर आरमार. सगळ्यांचं बळ सारखं. एकाच जागेवर दोन सोंगट्या समोरासमोर चालून आल्या तर कोणीच आत जात नाही, दोघी जागच्या जागी राहतात. आत शिरायचं तर दुसऱ्या सोंगटीचं पाठबळ लागतं. आपल्या सोंगट्या किती पुरणार? मग शेजाऱ्याकडे जावं लागतं, "तू मला टेकू दे, मी तुला देतो" म्हणावं लागतं. नकाशावर ३४ ठाणी असतात. ज्याच्या हाती १८ आली तो जिंकला.

म्हणून प्रत्येक चालीआधी बोलणी असतात. दोघं-दोघं बाजूला जाऊन कुजबुजतात. मग प्रत्येक जण आपली चाल कागदावर लिहितो आणि सगळ्यांचे कागद एकदम वाचले जातात. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा नियम नाही. पण आज फसवलंत तर उद्या पाठबळ मागायला कोणत्या तोंडाने जाल? सगळा खेळ शब्दावर आणि पतीवर चालतो. आपल्या गटासारखाच म्हणा ना!

तर मुलं माजघरात खेळत होती आणि मी मागच्या पडवीत चकल्या तळत होते. बोलणी करायला पोरं पडवीतच यायची. माझं कोणाला काही वाटत नव्हतं. "काकू कुठे खेळतेय!" म्हणून सगळे माझ्यासमोर मोकळेपणाने बोलायचे. सात जणांना जे माहीत नव्हतं ते मला एकटीला माहीत होतं.

माझी आठवीतली लेक तुर्कस्तान होती. पुतण्या रशिया. तो तिला म्हणाला, "काळा समुद्र आपण मोकळा ठेवू. तू येऊ नको, मीही येत नाही." ती हो म्हणाली. ती आत गेली आणि हाच पुतण्या शेजारच्या मुलाला घेऊन आला. तो मुलगा ऑस्ट्रिया होता. त्याला म्हणाला, "मी काळ्या समुद्रात घुसतो, तू खालून बाल्कनमधून ये. दोघं मिळून तुर्कस्तान संपवू."

मैत्रिणींनो, आईचं काळीज! लेक चकली घ्यायला आली तेव्हा मी हळूच म्हटलं, "काळ्या समुद्राकडे लक्ष ठेव गं." एवढंच, एक वाक्य.

कागद वाचले गेले. रशियाचं आरमार काळ्या समुद्राकडे निघालेलं आणि तुर्कस्तानचंही. दोन्ही अडली. माझी लेक वाचली. पण पुतण्याने लगेच शेजारच्या मुलाकडे पाहिलं. बेत फक्त त्या दोघांनाच माहीत होता. म्हणजे फोडला तो यानेच! तो बिचारा "मी नाही, शपथ मी नाही" म्हणत राहिला. त्यानंतर त्याच्याशी कोणी करार करेना. दोन-तीन फेऱ्यांत सगळ्यांनी मिळून त्याचा देश संपवला. खेळात हरणं चालतंच. पण त्याला खोटारडा म्हटलं गेलं, ते त्याने न केलेल्या गोष्टीसाठी. पोरगा फराळ न करताच घरी गेला. त्याची आई आमच्याच गटात आहे. आणि मी झारा हातात धरून गप्प उभी होते.

रात्री लेक म्हणाली, "आई, तू सांगितलंस ना? आता मी जिंकले काय नि हरले काय. तो खेळ माझा राहिलाच नाही." मला झोप लागली नाही. सकाळी मी शेजारी गेले. त्या मुलाला, त्याच्या आईसमोर, सांगितलं की बेत मी फोडला होता. मग घरी येऊन सगळ्या पोरांना बसवून तेच सांगितलं. कान धरायला वयाची लाज कशाला?

तेव्हापासून मी काही गोष्टी स्वतःपुरत्या ठरवल्यात. बघायला बसण्याआधी विचारायचं, "बसू का?" एकाचं ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. नुसतं तोंडाने नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. आपण "च्च" केलं, भुवई उडवली, तरी समोरचा काय ते समजतो. कोणी "काकू, काय करू?" म्हणून विचारलं तरी चाल सांगायची नाही. आणि खेळ संपल्यावर हरलेल्याला आधी जवळ घ्यायचं, "मी तेव्हाच म्हणणार होते" हे वाक्य गिळून टाकायचं.

मग बघणाऱ्याने कायम तोंड शिवूनच बसायचं का? नाही. आपल्याला द्यूताची सभा माहीत आहे. भीष्म, द्रोण, सगळे थोर लोक बघत बसले होते. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला आणि मोठ्यांनी माना खाली घातल्या. विदुर पहिल्यापासून बजावत होता, आणि कौरवांमधला विकर्ण उठून बोलला. बाकीच्यांचं गप्प बसणं आपण आजही विसरलो नाही. म्हणजे गप्प राहायचं ते चालीबद्दल. अन्याय होत असेल, नियम मोडला जात असेल, तर बोलायलाच हवं.

पण कोणाशी बोलायचं, तेही ठरलेलं हवं. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचा, फिडेचा, नियम आहे की बघणाऱ्याने खेळात ढवळाढवळ करायची नाही. काही नियमबाह्य दिसलं तर फक्त पंचाला सांगायचं. किती सोपं आहे! खेळाडूच्या कानात नाही, गावभर नाही, पंचाला.

आता माझंच सांगते. गटाच्या बैठकीत समन्वयक म्हणून मीही बघणारीच असते. कर्ज कोणाला आधी द्यायचं हे बायका ठरवतात. बैठकीआधी एक जण येऊन मला तिची अडचण सांगते, दुसरी तिची सांगते. पूर्वी मी इकडचं तिकडे करायचे. चांगल्या मनाने करायचे, पण करायचे. आता एवढंच म्हणते, "ताई, हे बैठकीत तुम्हीच मांडा." मात्र वहीत खाडाखोड दिसली किंवा एखादीला बोलूच दिलं नाही, तर मी सगळ्यांसमोर अध्यक्षांना सांगते.

यंदाच्या दिवाळीत पोरं तोच पट पुन्हा मांडणार आहेत. शेजारचा मुलगाही येणार आहे. या वेळी चकल्या मी आदल्या दिवशीच तळून ठेवणार आहे आणि पडवी त्यांना मोकळी करून देणार आहे.