नहरींच्या शहराचें जतन

छत्रपती संभाजीनगर पाहावयास येणारा प्रवासी बहुधा ठराविक क्रमानें फिरतो. सकाळीं वेरूळचीं लेणीं, परततांना खुलताबाद व दौलताबादचा किल्ला, दुपारीं बीबीका मकबरा आणि दिवस मावळण्यापूर्वीं पाणचक्की. एवढें झालें कीं शहर पाहून झालें, असें त्याला वाटतें. परंतु हें शहर येथें वसलें कसें आणि चारशें वर्षें टिकलें कसें, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या यादींत नसतें. कारण तें बहुतांशीं जमिनीखालीं आहे.

मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. पुढें तो निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० मध्यें त्यानें खडकी या गांवीं नव्या नगराचा पाया घातला. नांवाप्रमाणेंच तेथील भूमि खडकाळ, आणि जवळून वाहणारी खाम नदी लहानशी. फौजफांटा, बाजारपेठ आणि वाढती वस्ती यांस पुरेल इतकें पाणी आणावयाचें कोठून? मलिक अंबरानें तें डोंगराच्या पोटांत शोधलें. उत्तरेकडील डोंगरांवर पडणारा पाऊस जमिनींत मुरतो. तें मुरलेलें पाणी भुयारी पाटांत झिरपूं द्यावयाचें आणि केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणावयाचें, अशी ती योजना. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सिद्ध झालेली हीच नहर-ए-अंबरी होय.

या नहरीची रचना समजून घेण्यासारखी आहे. वाटेंत ठिकठिकाणीं उभीं विवरें ठेविलेलीं असतात. त्यांतून माणूस खालीं उतरून गाळ काढूं शकतो. पुढें पाणी खापरी नळांत शिरतें आणि मधून मधून चुनेगच्ची मनोऱ्यांत चढून पुन्हां खालीं येतें. नळांत कोंडलेली हवा तेथें सुटते आणि पाण्याचा दाब नळ फोडण्याइतका वाढत नाहीं. पुण्याच्या श्रोत्यांना कात्रजच्या नळाचे उच्छ्वास ठाऊक असतील; त्यांचें कार्य याच जातीचें. यंत्र नाहीं, इंधन नाहीं. डोंगर, उतार आणि माणसाची अक्कल एवढ्यावर हा सारा कारभार चालला.

१६५३ मध्यें औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदां आला, त्यानें येथें ठाणें केलें आणि शहरास आपलें नांव दिलें. वस्ती वाढली तशा नव्या नहरीही आल्या. मकबऱ्याच्या बागेंतील कारंजीं पाण्यावांचून व्यर्थ. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळचें जातें तर पाण्यावरच फिरणारें. त्या जात्याचें पीठ फकिरांच्या व यात्रेकरूंच्या मुखीं जाई. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, अशीं शहराचीं नांवें पालटलीं. तहान मात्र पालटली नाहीं.

आतां मुद्द्याचा प्रश्न असा कीं, अशा प्रदेशाचें मोल करावयाचें कसें? जुन्या वास्तूचें मोल करणें त्या मानानें सोपें आहे. ती कोणी बांधिली, केव्हां बांधिली, कारागिरी कशी आहे, हें पाहिलें कीं निर्णय देतां येतो. परंतु जेथें डोंगर, पाणी, शेत, बाजार आणि तीर्थ हीं एकमेकांत गुंतलेलीं असतात, तेथें एकेका वस्तूस निराळें गुण देऊन भागत नाहीं. हें जगाच्याही उशिरांच ध्यानांत आलें. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या व्यवस्थेंत १९९२ पासून निसर्ग व मनुष्य यांनीं मिळून घडविलेल्या भूप्रदेशांस स्वतंत्र स्थान मिळालें. त्यांचे तीन प्रकार मानतात: हेतुपुरस्सर आंखलेले, पिढ्यान्‌पिढ्या वापरांतून घडत गेलेले, आणि श्रद्धेनें वा स्मृतीनें पावन झालेले.

हे तीनही प्रकार येथें एका दिवसाच्या फेरींत सांपडतात. मकबऱ्याची चौरस बाग हा पहिला. नहरी, त्यांवर वाढलेलीं पुरें, दौलताबादच्या सीताफळांच्या बागा हा दुसरा. तिसरा प्रकार खुलताबादच्या दर्ग्यांत आणि वेरूळच्या घृष्णेश्वरीं पाहावा. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांनीं केला. आजही तेथें येणारा यात्रेकरू इतिहास पाहावयास येत नाहीं, दर्शनास येतो. अशा स्थळाचें मोल करतांना केवळ पुरातत्त्वज्ञाचें मत घेऊन चालत नाहीं. त्या जागेशीं ज्याची पोटाची अथवा श्रद्धेची गांठ आहे, त्यालाही विचारावें लागतें.

जतनाच्या बाबतींत खरी अडचण पुढेंच आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यास २०१० मध्यें जी दुरुस्ती झाली, तिच्या योगें केंद्राच्या संरक्षित वास्तूभोंवतीं १०० मीटरांपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत तें परवानगीवांचून करतां येत नाहीं. वास्तूच्या दृष्टीनें हा बंदोबस्त उपयोगी खरा. परंतु हें संरक्षण म्हणजे वास्तूभोंवतीं काढलेलें एक रिंगण होय, आणि नहर ही रेषा आहे. ती कित्येक मैल धांवते. कोणाच्या शेताखालून, कोणाच्या अंगणाखालून, कोठें रस्त्याखालून. शेवटचा हौद रिंगणांत सुरक्षित राहिला, पण मधला नळ एका पायाच्या खोदाईंत फुटला, अथवा उगमाजवळ विंधनविहिरींनीं भूजल उपसून नेलें, तर हौद कोरडाच राहावयाचा. तेव्हां दगड वांचतो, नहर मरते.

याचा अर्थ शहर गोठवून ठेवावें असा नव्हे. जुन्या पेठांत माणसें राहतात. त्यांना सुधारलेलीं घरें हवींत, मुलांना शाळेस जावयास रुंद रस्ते हवेत. ज्याच्या अंगणाखालून नहर जाते, त्या गृहस्थाला "खोदूं नका" एवढेंच सांगून मोकळें होणें हा न्याय नाहीं. त्याला आधीं नकाशा दाखविला पाहिजे, पर्याय सुचविला पाहिजे, आणि समाजासाठीं तो जो तोटा सोसतो त्याची भरपाईही समाजानें केली पाहिजे. म्हणून व्यवस्थापनाची पहिली पायरी मोजणी. नहरीची वाट, विवरें, मनोरे व उगमाकडील डोंगरउतार यांची नोंद नगररचनेच्या नकाशावर ठळकपणें व्हावी. दुसरी पायरी प्रतवारी. काय मुळींच हलवावयाचें नाहीं, काय बेतानें बदलतां येईल आणि काय बदललेंच पाहिजे, हें ठरवावें. तिसरी पायरी देखभाल. दरसाल पावसाळ्यापूर्वीं गाळ काढणें हें काम एखाद्या भव्य जीर्णोद्धारापेक्षां स्वस्त आणि अधिक उपकारक असतें; त्याचा उद्घाटनसमारंभ होत नाहीं, एवढेंच त्यांत न्यून.

परदेशांतील दोन उदाहरणें येथें बोधप्रद आहेत. इराणांत अशाच भुयारी पाटांना कनात म्हणतात. त्यांतील अकरा कनातींस २०१६ मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या जुन्या होत्या एवढ्यावर तो मान मिळाला नाहीं. वाळवंटांतील वस्तीला पाणी वांटून देण्याची सामाजिक शिस्त त्यांच्याशीं जोडलेली होती. उलट फिलिपाइन्समधील भातशेतीचीं डोंगरी पायऱ्यांचीं शेतें १९९५ मध्यें यादींत आलीं आणि २००१ मध्यें धोक्यांत असल्याचें जाहीर झालें. पाट राखणारे हात कमी पडले कीं बांध ढासळतात. पुढें उपाय झाले आणि २०१२ मध्यें तो शिक्का पुसला गेला. दोहोंचें तात्पर्य एकच: अशा वारशाची राखण पहारेकरी करीत नाहीं, वापरणारा करतो.

संभाजीनगरच्या नागरिकाला हा विषय केवळ हौसेचा नाहीं. गोदावरीवरील जायकवाडीच्या जलाशयांतून शहर आज आपलें पाणी उचलतें, आणि अलीकडच्या वर्षांत पुष्कळ वस्त्यांना तें काहीं दिवसांआड मिळत आलें आहे. ज्या खाम नदीच्या कांठीं पाणचक्की उभी आहे, ती नदी शहराचें सांडपाणी घेऊन त्याच जलाशयाकडे जाते. म्हणजे जें आपण नदींत सोडतों, तेंच फिरून आपल्या घागरीकडे येतें. खामेच्या कांठाची स्वच्छता अलीकडे महानगरपालिका व नागरिक यांनीं मिळून हातीं घेतली, कांहीं जुन्या दरवाजांची डागडुजीही झाली. हीं शुभ चिन्हें होत. नहरी पुन्हां साऱ्या शहराची तहान भागवितील असें नाहीं. आजची वस्ती त्यांच्या आवाक्याबाहेर गेली आहे. पण बाग भिजविणें, विहिरींची पातळी राखणें आणि डोंगरउताराची हिरवळ टिकविणें एवढें जरी त्यांच्याकडून झालें, तरी तो लाभ थोडा नव्हे.

सुटीच्या दिवशीं मुलांना पाणचक्की दाखवावयास नेणाऱ्या पालकांनीं त्यांना जातें दाखवून लगेच परत फिरूं नये. हें पाणी कोठून येतें, असें त्यांना विचारावें आणि उत्तरेकडील डोंगरांकडे बोट दाखवावें. जी पिढी त्या डोंगरांकडे आपल्या घरचा रांजण म्हणून पाहील, तिला वारशाचा कायदा निराळा शिकवावा लागणार नाहीं.