‘मायसेल्फ’ नेमका कुठे बसतो?

(इंग्रजी संभाषणाच्या वर्गात तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



माझी पहिली मुलाखत मी पहिल्याच शब्दात घालवली. समोरचे साहेब म्हणाले, ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ.’ मी सुरुवात केली, ‘मायसेल्फ...’ आणि पुढे माझं नाव. साहेब शेजारच्या बाईंकडे बघून हसले. चुकलं, एवढं कळलं. काय चुकलं, ते कळलं नाही. मग मला येत होतं तेही मी बोललो नाही. घरी दखनी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात, असं तुमच्यापैकी अनेकांचं आहे. माझंही तसंच होतं. म्हणून त्या दिवशी मला जे कुणी सांगितलं नाही, ते आज तुम्हाला सांगतो.

आपल्या भाषेत ‘स्वतः’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. मी स्वतः, तू स्वतः, ते स्वतः. माणूस बदलला तरी शब्द बदलत नाही. दखनी-उर्दूतल्या ‘खुद’चंही तसंच. इंग्रजीत मात्र कर्ता बदलला की शब्द बदलतो: मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, अवरसेल्व्ज, देमसेल्व्ज. व्याकरणात यांना आत्मवाचक सर्वनामं म्हणतात. नियम एकच लक्षात ठेवा. क्रिया करणारा आणि ती ज्याच्यावर होते तो एकच असेल, तरच हा शब्द येतो. ‘आय इंट्रोड्यूस्ड मायसेल्फ’ बरोबर, कारण ओळख करून देणारा मी आणि जिची ओळख झाली ती व्यक्तीही मीच. ‘मायसेल्फ सलीम’ चूक, कारण तिथे क्रियाच नाही. ‘आय ॲम सलीम’ एवढं पुरतं. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ लिहितात. ते अदबीचं वाटतं, पण संपर्क करणारा दुसरा आहे, म्हणून तिथे साधं ‘मी’ हवं.

आता खरी अडचण. मराठीत शब्दयोगी अव्यय मागून चिकटतं: स्वतःशी, स्वतःसाठी, स्वतःवर. इंग्रजीत ते आधी येतं, आणि ते बदललं की अर्थ पालटतो. ‘टॉक टू युवरसेल्फ’ म्हणजे स्वतःशी पुटपुटणं. ‘स्पीक फॉर युवरसेल्फ’ म्हणजे तुझ्यापुरतं बोल, माझं मत गृहीत धरू नकोस. ‘स्टँड अप फॉर युवरसेल्फ’ म्हणजे स्वतःच्या हक्कासाठी उभं राहणं. ‘कीप टू युवरसेल्फ’ म्हणजे कुणात न मिसळणं. पण मध्ये ‘इट’ घातलं आणि ‘कीप इट टू युवरसेल्फ’ म्हटलं, तर ही गोष्ट कुणाला सांगू नकोस. एका छोट्या शब्दाने एवढा फरक पडतो.

‘बाय मायसेल्फ’चे दोन अर्थ होतात: एकट्याने आणि कुणाच्या मदतीशिवाय. ‘आय लिव्ह बाय मायसेल्फ’ म्हणजे मी एकटा राहतो. ‘आय फिल्ड इन द फॉर्म बाय मायसेल्फ’ म्हणजे फॉर्म मी कुणाला न विचारता भरला. दार आपोआप उघडलं तर ‘बाय इटसेल्फ’. आणि दोन मित्र आपसात बोलत असतील तर ‘देमसेल्व्ज’ नको, ‘टू ईच अदर’ म्हणा. नाहीतर दोघेही आपापले पुटपुटत बसले आहेत, असा अर्थ होईल.

काही क्रियापदांचं ठरावीक अव्ययाशी लग्न लागलेलं असतं. ती जोडी तशीच पाठ करावी लागते. ‘अप्लाय फॉर अ जॉब’ म्हणजे नोकरीसाठी अर्ज करणं, पण ‘अप्लाय युवरसेल्फ टू युवर वर्क’ म्हणजे कामात मन घालणं. ‘प्रिपेअर युवरसेल्फ फॉर’, तयारी करा. ‘फॅमिलिअराइज युवरसेल्फ विथ’, ओळख करून घ्या. ‘प्राइड युवरसेल्फ ऑन’, अभिमान बाळगा. ‘थ्रो युवरसेल्फ इन्टू’, हे तर आपल्या ‘झोकून देणं’सारखंच. ‘डिव्होट युवरसेल्फ टू’ म्हणताना जपा: पुढे ‘टीच’ नाही, ‘टीचिंग’ येतं, कारण हा ‘टू’ अव्यय आहे. दावतीत कुणी ‘हेल्प युवरसेल्फ टू सम बिर्याणी’ म्हटलं, तर मदत मागितलेली नसते. हवी तेवढी वाढून घ्या, असं ते सांगतात. योजनांच्या जाहिरातीत आपल्याकडे ‘अव्हेल द स्कीम’ असं लिहितात. पुस्तकी इंग्रजीत ते ‘अव्हेल युवरसेल्फ ऑफ द स्कीम’ असं आहे.

क्रियाविशेषणाची जागाही बघून घ्या. क्रियापदाच्या लगेच मागे आत्मवाचक शब्द, आणि क्रियाविशेषण त्याच्या मागे. ‘शी एक्सप्रेस्ड हरसेल्फ क्लिअरली.’ ‘एक्सप्रेस्ड क्लिअरली हरसेल्फ’ नाही. ‘पुल युवरसेल्फ टुगेदर’, म्हणजे सावर स्वतःला. ‘पुट युवरसेल्फ फॉरवर्ड’, म्हणजे स्वतःहून पुढे हो. इथे ‘टुगेदर’ आणि ‘फॉरवर्ड’ शेवटीच राहतात; सर्वनाम मधे बसतं.

आणि जिथे ‘सेल्फ’ लागतच नाही, तिथे घालू नका. बरं वाटत नसेल तर ‘आय डोन्ट फील वेल’. लक्ष द्यायचं असेल तर ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’. आंघोळ, कपडे, आराम यांनाही सहसा ‘सेल्फ’ लागत नाही. एखादी वस्तू किंवा व्यक्ती कुठे आहे हे सांगणाऱ्या अव्ययापुढेही बहुधा साधं सर्वनामच येतं. मुलाखतीच्या पत्रात ‘ब्रिंग युवर सर्टिफिकेट्स विथ यू’ असं असतं, ‘विथ युवरसेल्फ’ नसतं. खिशात पैसे नसतील तर ‘आय हॅव नो मनी ऑन मी’. उलट ‘वी एन्जॉइड अ लॉट’मध्ये काहीतरी राहून गेलंय. ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज ॲट द वेडिंग’ म्हणा, नाहीतर सरळ ‘वी एन्जॉइड द वेडिंग’.

एवढं सगळं एका दिवसात तोंडात बसणार नाही. रोज दोन जोड्या घ्या आणि प्रत्येकीचं एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं बनवा. पुस्तकातलं वाक्य विसरतं; आपल्या घरातलं, आपल्या मोहल्ल्यातलं वाक्य लक्षात राहतं. आणि चुकलात तर थांबू नका. मी त्या दिवशी चुकलो, त्याचं मला आज काही वाटत नाही. चुकल्यावर गप्प बसलो, ते अजून सलतं.

शेवटी एकच उदाहरण देतो, आणि ते तुमच्या सगळ्यांच्या हक्काचं आहे. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेने आपलं संविधान स्वीकारलं. त्याची उद्देशिका इंग्रजीत वाचा. कर्ता आहे ‘वी, द पीपल’, आणि शेवटाकडे येतं ‘गिव्ह टू अवरसेल्व्ज’. नियम तोच, आज शिकलेला. देणारे आणि घेणारे एकच असले, तरच ‘अवरसेल्व्ज’ येतं. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर ‘टू अस’ आलं असतं. मराठी उद्देशिकेत तिथे ‘स्वतःप्रत अर्पण’ आहे. तिथलं ‘प्रत’ म्हणजे इंग्रजीतला तो ‘टू’. त्या ‘अवरसेल्व्ज’मध्ये तुम्ही आहात, मी आहे, आणि माझ्यावर हसलेले ते साहेबही आहेत. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ म्हणालं, की मान वर करा, ‘आय ॲम’ने सुरुवात करा, आणि वाक्य पूर्ण करूनच थांबा.